हाताचं बल हातातच राहतं

एक प्रश्न विचारतो. गुगल करायचं नाही, एआयला विचारायचं नाही.

तुम्ही चेंडू सरळ वर फेकलात. तो हातातून सुटलाय, पण अजून वर चाललाय. या क्षणी त्याच्यावर कोणकोणती बलं काम करताहेत? हवेचा विरोध सोडून द्या.

'हाताने दिलेलं बल वर, गुरुत्वाकर्षण खाली, आणि हाताचं अजून जास्त आहे म्हणून चेंडू वर चाललाय' असं उत्तर मनात आलं असेल, तर तुम्ही फार मोठ्या गर्दीत उभे आहात. उत्तर चूक आहे. चेंडूवर एकच बल आहे, पृथ्वीचं, आणि ते पूर्ण वेळ खालीच ओढतंय. वर जाताना, अगदी टोकाला क्षणभर थांबल्यासारखा वाटतो तेव्हा, आणि खाली येतानाही. हाताने चेंडूला वेग दिला. बल दिलं नाही, कारण बल ही देऊन टाकायची वस्तू नाही. हात चेंडूला टेकलेला होता तोवर ते होतं. हात सुटला, विषय मिटला.

तुमचं उत्तर चुकलं असेल तर फारसं बिघडत नाही. तुम्ही बँकेत असाल, कोडिंग करत असाल, स्पर्धा परीक्षेच्या चौथ्या वर्षात असाल. पण हेच उत्तर मनात घेऊन जो माणूस उद्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीच्या पोरांसमोर उभा राहणार आहे, त्याचं काय? त्याला शिक्षक करणारा दोन वर्षांचा कोर्स, डी.एल.एड., जुन्या भाषेत डी.एड., हा प्रश्न त्याला एकदाही विचारत नाही अशी माझी तक्रार आहे. तो कसं शिकवावं हे शिकवतो. जे शिकवायचंय ते शिक्षकाला आधीच कळलंय असं गृहीत धरतो. बाकी कुठल्या धड्यात हे गृहीतक एकवेळ चालेल. बल आणि गतीच्या धड्यात ते धडधडीत खोटं आहे.

सोलापूर जिल्ह्याची जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे डाएट, सोलापूर शहरात नाही. ती माळशिरस तालुक्यात वेळापूरला आहे. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर देशभर जिल्ह्याजिल्ह्यांत अशा संस्था निघाल्या, त्यांतली ही एक. वेळापूर बाहेरच्यांना माहीत असतं ते दोन गोष्टींमुळे: अर्धनारीनटेश्वराचं यादवकालीन देऊळ आणि ज्ञानोबांच्या पालखीचा मुक्काम. माझं भांडण त्या संस्थेशी नाही. राज्याचा कोर्स एकच, त्याची सवयही एकच. पण गाव मुद्दाम घेतो, कारण बल आणि गती शिकायला याहून चांगली प्रयोगशाळा शोधून सापडणार नाही, आणि ती फुकट आहे.

आषाढात पालखी माळशिरसहून निघते. खुडूस फाट्यावर गोल रिंगण होतं, आणि वेळापूरच्या अलीकडच्या उतारावर धावा होतो. तुकोबांना इथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. म्हणून वारकरीही या उतारावरून धावत सुटतात. ज्याने हा उतार एकदा धावून पाहिलाय त्याला ठाऊक असतं की धावायला लागणं सोपं, खाली आल्यावर थांबणं अवघड. पाय रोवावे लागतात, अंग मागे टाकावं लागतं. आता त्याला विचारा: उतार संपला, सपाटी आली, तरी तू पुढेच चालला होतास, कोण ढकलत होतं? तो म्हणेल, 'धावण्याचा जोर होता ना अंगात.'

हिवाळ्यात याच रस्त्यांवर उसाचे ट्रॅक्टर असतात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, दोन्ही तुडुंब. ड्रायव्हरला विचारा की ब्रेक कधी मारायचा. तो सांगेल, लांबूनच. उशिरा मारला तर मागचा माल ट्रॅक्टरला रेटत नेतो. म्हणजे चालत्या वस्तूला चालत राहायला काही लागत नाही, थांबायला लागतं, हे त्याच्या पायाला पक्कं माहीत आहे. तोंडाला माहीत नाही. पोरगा शाळेतून येऊन विचारेल, 'पप्पा, पायडल मारायचं थांबवल्यावर सायकल का थांबते?' पप्पा म्हणतील, 'जोर संपला.' आणि सर म्हणतील, 'बल संपलं.'

'बल संपलं.' सगळी गडबड या दोन शब्दांत आहे. बल म्हणजे टाकीतलं पेट्रोल अशी ही कल्पना. हाताने भरलं, वस्तू चालली, पेट्रोल संपलं, वस्तू थांबली. सायकल खरं तर थांबते ती रस्ता, हवा आणि बेअरिंग तिला मागे ओढतात म्हणून. बल संपलं म्हणून नाही, विरुद्ध बल चालू राहिलं म्हणून.

सहावीच्या सामान्य विज्ञानात 'बल व बलाचे प्रकार' असा धडा आहे. स्नायू बल, यांत्रिक बल, गुरुत्वीय बल, चुंबकीय बल, घर्षण बल, स्थितिक विद्युत बल. सहा प्रकार. पुस्तकाला मी नावं ठेवत नाही. पण या धड्यावर सराव पाठ घेणारा छात्राध्यापक काय करतो ते पाहा. सहा कप्प्यांचा रंगीत तक्ता करतो. चुंबक आणतो, कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलून दाखवतो, टाळ्या मिळवतो. घर्षणाच्या कप्प्यात बुटाच्या तळव्याचं चित्र असतं आणि 'घर्षण गतीला विरोध करते' हे वाक्य. धडा संपतो. ज्या एका बलामुळे अख्ख्या मानवजातीची दोन हजार वर्षं फसवणूक झाली, ते यादीतल्या सहांपैकी एक होऊन भिंतीवर लटकतं. आपण कधी घर्षण नसलेल्या जगात राहिलो नाही, म्हणून 'ढकलत राहिलं तरच चालतं' असं आपल्याला वाटतं, ही धड्यातली सगळ्यात मोठी गोष्ट. तक्त्यात तिला कप्पा नाही.

आणि टाचण? ते परिपूर्ण असतं. प्रस्तावना, हेतुकथन, विषय प्रतिपादन, संकलन, उपयोजन, गृहपाठ. निरीक्षक शेरा देतात: फलकलेखन सुवाच्य, आवाज स्पष्ट, साहित्याचा वापर योग्य. शिक्षकाच्या डोक्यात चेंडूवर हाताचं बल अजून आहे की नाही, हे तपासायला शेऱ्याच्या कागदावर रकाना नाही. एकही गोटी न घरंगळवता हा कोर्स पास होता येतो.

यातली खरी थट्टा पुढे आहे. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर आपल्याकडे 'ज्ञानरचनावाद' हा शब्द आला आणि दशकभरात तो प्रत्येक शिक्षकाच्या तोंडी बसला. मूल कोरी पाटी नसतं, ते आपल्या कल्पना घेऊन वर्गात येतं, त्या कल्पनांपासून सुरुवात करा, असं तो सांगतो. अगदी खरं. पण छात्राध्यापकाला हे सांगतात कसं? ज्ञानरचनावादाची व्याख्या फळ्यावर लिहून. पाच गुणांसाठी वैशिष्ट्ये सांगा. अठरा-एकोणीस वर्षांची ती मुलगी स्वतःही आपल्या कल्पना घेऊन आलीय, त्यांतली एक न्यूटनच्या साफ विरुद्ध आहे, हे कुणाला सुचत नाही. पोराची पाटी कोरी नसते, मग मॅडमची कोरी कशी?

बरं, तिची कल्पना मूर्खपणाची आहे का? मुळीच नाही. ती फार प्रतिष्ठित कल्पना आहे. ॲरिस्टॉटलला वाटायचं की हलणाऱ्या वस्तूला सतत ढकलणारं काहीतरी हवं. सहाव्या शतकात फिलोपोनस म्हणाला, ढकलणारा वस्तूत एक जोर भरतो आणि तो जोर तिला नेतो. चौदाव्या शतकात पॅरिसमध्ये बुरिदानने हीच कल्पना नीट मांडली. आणि आपल्याकडे वैशेषिकांनी बाणाबद्दल असाच विचार केला: पहिली गती धनुष्याच्या प्रेरणेने, पुढची बाणात निर्माण झालेल्या वेग नावाच्या संस्काराने, तो संस्कार सरला की गुरुत्वामुळे पडणं. उतारावरच्या त्या वारकऱ्याचा 'अंगातला जोर' आणि सरांचं 'बल संपलं' ही याच घराण्यातली माणसं.

इथे थोडं आडवळण. 'न्यूटनच्या आधी कणादांनी गतीचे तिन्ही नियम सांगितले' असा फॉरवर्ड तुमच्या फॅमिली ग्रुपवर येऊन गेला असणार. तो पाठवणाऱ्या काकांना कणादही कळलेले नाहीत आणि न्यूटनही. बाण चालत राहतो तो त्याच्यात काहीतरी भरलेलं असतं म्हणून, असं वैशेषिक म्हणतात. न्यूटन म्हणतो की चालत राहायला कारणच लागत नाही, कारण लागतं ते गती बदलायला. दोन्ही विचार एकमेकांसमोर ठेवले तर बी.एस्सी.च्या पोरालाही न्यूटनची उडी किती मोठी होती ते कळेल, आणि वैशेषिकांनी प्रश्न किती नेमका पकडला होता तेही. फॉरवर्डमुळे दोघांचाही अपमान होतो. असे फॉरवर्ड शिक्षकांच्या ग्रुपवरही फिरतात, हे आणखी वाईट.

तर, जी चूक सुधारायला माणसाला १६८७पर्यंत थांबावं लागलं, ती बारावी आर्ट्स करून आलेल्या मुलीच्या डोक्यातून एका व्याख्येने जाईल असं आपण धरून चालतो. या कोर्सला बारावी कोणत्याही शाखेची चालते, आणि चालावी. सायन्सवाल्यांनाही काही वेगळं कळलेलं नसतं. जॉन क्लेमंट यांनी १९८२मध्ये अमेरिकेतल्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला: वर उडवलेल्या नाण्यावरची बलं दाखवा. बहुतेकांनी वर जाणारा बाण काढला, आणि फिजिक्सचा कोर्स झाल्यावरही बहुतेकांनी काढला. हार्वर्डमध्ये एरिक मझूर यांनी नव्वदच्या सुमारास अशाच साध्या प्रश्नांची चाचणी वर्गात दिली, तर एकाने विचारलं की उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहू, की मला खरं वाटतं तशी? हार्वर्डची पोरं निदान दोन वेगळी उत्तरं आपल्याजवळ आहेत हे ओळखून होती. आपल्याकडे व्याख्येची वही आणि मनातला समज शेजारी राहून एकमेकांना कधी भेटत नाहीत.

हे बदलतं कशाने? समजावून सांगण्याने बदलत नाही, एवढं या साऱ्या संशोधनातून स्पष्ट आहे. आधी स्वतःचं उत्तर कागदावर लिहावं लागतं, मग वस्तू हातात घ्यावी लागते, मग ती वस्तू आपलं उत्तर खोटं पाडते ते बघावं लागतं.

कॅरम घ्या. तसाच, पावडर न टाकता, स्ट्रायकरला टिचकी मारा. मग बोरिक पावडर टाका आणि तेवढीच टिचकी मारा. स्ट्रायकर जास्त लांब गेला. पावडरने ढकललं का? नाही. मग तिने केलं काय? इथे वर्गात शांतता पसरली पाहिजे, आणि सरांनी ती लगेच मोडता कामा नये. बोट सुटल्यावर स्ट्रायकरला पुढे नेणारं काही नव्हतंच, मागे ओढणारं होतं, ते पावडरने कमी केलं. मग गोटी: एकाच उतारावरून, एकाच उंचीवरून सोडायची. खाली एकदा वाळू, एकदा गोणपाट, एकदा शहाबादी फरशी, एकदा काच. अंतर मोजायचं. मग विचारायचं, काचेहूनही गुळगुळीत काही मिळालं तर? आणि त्याहूनही? गॅलिलिओने उतारावर गोळे सोडले ते याच वाटेने गेले.

मग गोफण. सोलापूरच्या ज्वारीच्या शेतात पाखरं हाकायला माळ्यावर उभं राहून गोफण फिरवणारे हात अजून आहेत. गोफण गोल फिरतेय, एक दोरी सोडली. वरून पाहिलं तर दगड कसा जाईल? गोल वळत, बाहेर फेकल्यासारखा, की सरळ स्पर्शरेषेत? मायकेल मॅक्लॉस्की यांनी अमेरिकन विद्यार्थ्यांना असेच प्रश्न कागदावर विचारले तेव्हा कितीतरी जणांनी वळणारी वाट काढली होती, जणू वस्तूला गोल फिरायची सवय लागलीय. गोफणवाल्याला विचारलंत तर तोही कदाचित तेच सांगेल. पण त्याचा दगड पाखरावर बरोबर जातो, कारण दोरी कुठल्या क्षणी सोडायची हे हाताने सरळ रेषा धरूनच ठरवलेलं असतं. हाताचं हे ज्ञान तोंडापर्यंत आणणं, मला वाटतं, विज्ञान शिक्षकाचं एवढंच काम आहे, आणि ते पुरेसं मोठं आहे.

आणि तुमच्या खिशातला फोन. फायफॉक्स नावाचं एक मोफत ॲप आहे, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने केलेलं. त्यात गुरुत्वासहित त्वरण दाखवणारा सेन्सर सुरू करा. फोन टेबलावर शांत पडलेला असेल तेव्हा तो ९.८च्या आसपास आकडा दाखवेल: टेबल फोनला वर रेटतंय. आता फोन गादीच्या वर धरून हळूच हवेत उडवा आणि गादीवर पडू द्या. (गादीवरच. स्क्रीन फुटली तर न्यूटनकडे जा.) आलेख बघा. हातात असताना उंच टेकडी, हात सुटल्याबरोबर जवळजवळ शून्य, वर जाताना शून्य, टोकाला शून्य, खाली येताना शून्य, मग गादीचा दणका. हा सेन्सर गुरुत्वाला पकडत नाही, बाकी सगळ्या ढकलाढकलीला पकडतो. हाताचं बल वर जाणाऱ्या फोनवर शिल्लक असतं तर ते इथे दिसलं असतं. ते दिसत नाही, कारण ते हातातच राहिलंय.

आपल्याकडे असं कधी झालंच नाही असंही नाही. १९७२मध्ये मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा शाळांत एक विज्ञान कार्यक्रम सुरू झाला. तिथे शिक्षकांना उन्हाळ्यात बोलावून मुलांच्याच पुस्तकातले प्रयोग त्यांच्याकडूनच करून घेत. गुरुजी जमिनीवर बसून मोजत, चुकत, भांडत. पुढे तो शेकडो शाळांत पोचला, तीस वर्षं चालला आणि २००२मध्ये सरकारने बंद केला. पुण्यात अरविंद गुप्तांनी आगपेट्या आणि सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यांतून हेच केलं. त्यांचे व्हिडिओ आपण लाइक करतो, शेअर करतो, आणि डी.एल.एड.च्या वर्गात तक्ता लावतो.

'प्राथमिकच्या शिक्षकाला एवढं कशाला हवं?' हा आक्षेप मी इतक्यांदा ऐकलाय की त्याचा राग यायचाही बंद झालाय. नेमकं प्राथमिकलाच हवं. अकरावीच्या प्राध्यापकाची चूक सूत्र झाकून नेतं. सहावीत सूत्र नसतं, फक्त वाक्यं असतात, आणि 'बल संपलं' हे वाक्य मूल जन्मभर जपतं. 'वेळ नाही' हा दुसरा आक्षेप. एनसीटीईच्या २०१४च्या नियमांत दोन वर्षांत २० आठवड्यांची शाळेतली इंटर्नशिप आहे. त्याआधी एक आठवडा काढता येत नसेल तर अडचण वेळेची नाही. तिसरा आक्षेप सगळ्यात चलाख: नव्या धोरणाप्रमाणे २०३०पर्यंत चार वर्षांचं बी.एड. येणार, हे कोर्सच बंद होणार, मग उगाच दुरुस्ती कशाला? चार वर्षांत तक्ते चार वर्षांचे होतील, एवढंच.

परीक्षांकडून मदत होईल म्हणाल, तर पाहा. भरतीसाठीच्या टेटमध्ये २०० गुण: १२० अभियोग्यतेला, ८० बुद्धिमत्तेला. विषयाला शून्य. टीईटीच्या दुसऱ्या पेपरात गणित-विज्ञान मिळून ६० गुण आहेत, तेही पर्यायी प्रश्नांचे. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५च्या निकालाने नोकरीतल्या शिक्षकांनाही टीईटी लागू झाली. ज्यांची पाच वर्षांहून जास्त नोकरी उरलीय त्यांना दोन वर्षांत पास व्हायचंय. पंचेचाळिशीच्या माणसाने पुन्हा परीक्षा द्यावी का, यावर भांडणं झाली, आंदोलनं झाली. परीक्षेत काय विचारावं यावर मात्र कुणी भांडलं नाही. 'बलाचे प्रकार किती' विचारणार असाल तर घ्याच कशाला? 'वर फेकलेला चेंडू टोकाला असताना त्यावरचं बल किती' असं विचारा, पर्यायांत 'शून्य' ठेवा, आणि किती जण तो निवडतात ते जाहीर करा. कुणाची नोकरी घालवायला नव्हे, कोर्समध्ये काय बदलायचं ते कळायला.

तोवर, वेळापूरला किंवा राज्यातल्या कुठल्याही अध्यापक विद्यालयात पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात टाचणवही उघडायची नाही, एवढं तरी करता येईल. पहिल्या दिवशी चेंडूचा प्रश्न, उत्तरं बिननावाच्या चिठ्ठ्यांवर, चिठ्ठ्या तशाच्या तशा फळ्यावर, आणि बरोबर कुठली ते शनिवारपर्यंत सांगायचं नाही. सर-मॅडमनीही आपली चिठ्ठी त्यातच टाकायची. साहित्य लागेल ते असं: एक कॅरम, बोरिक पावडरचा डबा, गोट्या, गोणपाट, वाळू, काचेचा तुकडा, कुणाचाही फोन, वसतिगृहातली गादी आणि गोफण. गोफणीसाठी मोकळं मैदान बघावं, आणि दगडाऐवजी चिखलाचा वाळवलेला गोळा घ्यावा. पहिल्या दिवशी तो कुठेही जातो.